काटा चढतो कधी, उतरतो कधी

संपादकांनी यंदा ‘दुरुस्ती’ हा विषय दिला, तेव्हा मी गोंदिया जिल्ह्यातली गॅरेज निवडली आणि गॅरेजमधली एकच तक्रार निवडली: इंजिनाच्या तापमानाचा काटा एका जागी थांबत नाही. पंक्चर झालेल्या टायरात खिळा सापडतो, तुटलेला पट्टा हातात येतो. डोलणाऱ्या काट्याचे तसे नसते. गोंदियाहून निघताना तो मधोमध असतो, गोरेगावच्या गर्दीत चढतो, कोहमाऱ्याकडे मोकळा रस्ता लागला की उतरतो आणि मिस्त्रीपुढे गाडी उभी केली की निमूट जागेवर बसतो. मालकाला वाटते, आपले म्हणणे कोणी खरे मानणार नाही. मिस्त्रीला वाटते, काहीतरी बदलल्याशिवाय गिऱ्हाइकाचे समाधान होणार नाही. या दोघांच्या अडचणीत एकामागून एक चांगले पार्ट भंगारात जातात आणि खरा दोष गाडीतच राहतो.

या तक्रारीचा हंगाम उन्हाळा. मे महिन्यात गोंदियात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात असतो आणि शेवटच्या आठवड्यात नवतपा, म्हणजे नऊ दिवसांचे कडक ऊन, लागतो. गाडीतले पाणी तेव्हाही नव्वद अंशांच्या आसपास ठेवायचे असते. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या जोरावर. मेच्या दुपारी हा फरक पंचेचाळीस अंशांचा उरतो. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातल्या सर्वांत थंड ठिकाणांत गोंदियाचे नाव वरचेवर येते. पारा दहाच्या खाली उतरलेल्या पहाटे हाच फरक ऐंशीच्या वर जातो. हिवाळ्यात अर्धवट चोंदलेल्या रेडिएटरवरही गाडीचे भागून जाते. तोच दोष उन्हाळ्यात उघडा पडतो. एमएच-३५च्या इतक्या गाड्या मे महिन्यातच बोनेट उघडून का उभ्या असतात, याचे उत्तर या साध्या वजाबाकीत आहे.

पाच प्रश्न

आमगाव रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये मी बसलो होतो. मिस्त्री पन्नाशीचे, हात तेलाने काळे, बोलणे मोजके. सालेकसा तालुक्यातले एक शिक्षक आपली दहा वर्षांची पेट्रोल गाडी घेऊन आले. आधी दुसरीकडे त्यांनी थर्मोस्टॅट बदलवला होता, मग सेन्सर, मग रेडिएटरचे ढक्कन. काटा मात्र डोलतच होता, उलट आता जास्त.

मिस्त्रींनी बोनेटला हात लावला नाही. त्यांनी विचारायला सुरुवात केली.

“गुरुजी, काटा कवा चढते जी? उभ्या गाडीत का चालत्या गाडीत?”

“एसी लावल्यावर चढते का बिना एसीचाबी?”

“हळूहळू चढते का टपकन उडी मारते?”

“पेट्रोलचा काटाबी त्याच्यासंगं हालते का?”

“पाणी कितीकदा टाकावं लागते?”

वरवर साध्या वाटणाऱ्या या पाच प्रश्नांत सगळे निदान सामावले आहे. उभ्या गाडीत काटा चढतो आणि गाडी धावू लागली की उतरतो, तर संशय हवेवर जातो: पंखा फिरत नसेल, किंवा रेडिएटरच्या जाळीतून हवा पार होत नसेल. धावत्या गाडीला वाऱ्याचा झोत आपसूक मिळतो, म्हणून दोष तेवढ्यापुरता झाकला जातो. याउलट गावात काटा ठीक आणि महामार्गावर वेग धरला की चढतो, तर हवा पुरेशी आहे पण पाणी फिरत नाही, असे समजावे. रेडिएटर आतून क्षाराने भरला असेल, पंपाची पाती झिजली असतील किंवा खालचा होज पाइप मऊ पडून पंपाच्या ओढीने आत दबत असेल. महामार्गावर काटा खाली पडतो आणि गर्दीत मधोमध येतो, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे किंवा कोणीतरी काढून टाकला आहे. वळणावर, चढावर काटा अचानक हेलकावे खात असेल, तर पाणी कमी आहे आणि सेन्सर कधी पाण्यात, कधी वाफेत सापडतो आहे.

गुरुजींचे उत्तर होते: रेल्वे फाटकावर थांबलो की एसीमध्ये हळूहळू चढतो, गाडी सुटली की उतरतो. “पण थर्मोस्टॅट बदलवल्यापासून मधेच एकदम वर जाऊन परतही येतो.” मिस्त्रींनी मान हलवली. एका गाडीत दोन वेगळ्या चाली होत्या, म्हणजे दोन वेगळे दोष असू शकतात, हे त्यांनी गाडी न उघडताच ताडले.

काट्याला काय दिसते

पेट्रोल जळते तेव्हा सिलिंडरमधले तापमान दोन हजार अंशांच्या वर जाते. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामी येतो, तेवढाच सायलेन्सरमधून धुरासोबत जातो आणि राहिलेला पाण्यावाटे रेडिएटरपर्यंत नेऊन हवेत सोडावा लागतो. पंप पाणी इंजिनभोवती फिरवतो, थर्मोस्टॅट ते रेडिएटरकडे कधी सोडायचे हे ठरवतो, पंखा हवा ओढतो आणि ढक्कन आतला दाब राखते.

ढक्कनाला आपल्याकडे सर्वांत कमी किंमत दिली जाते. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तो दाबाचा आकडा आहे, बारमध्ये. वातावरणाच्या दाबापेक्षा एक बार जास्त दाबाखाली साधे पाणी शंभरऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. ढक्कनाची स्प्रिंग सैल पडली किंवा रबर चिरले की हा दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते, इंजिनात वाफेचे बुडबुडे होतात आणि काटा डोलू लागतो. ढक्कनात एक दुसरी, लहान झडपही असते. इंजिन थंड होताना ती उघडते आणि बाजूच्या प्लास्टिकच्या डब्यातले पाणी परत आत येते. ती अडकली तर सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो.

काटा इंजिनाच्या धातूचे तापमान सांगत नाही. सेन्सर ज्या एका जागी बसवला आहे, त्या जागच्या पाण्याचे तापमान तो सांगतो. सेन्सरच्या टोकाशी एक लहानसा घटक असतो; तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो. अनेक गाड्यांत वीस अंशांना तो दोन-अडीच हजार ओहम असतो आणि नव्वदीला दोन-अडीचशेपर्यंत येतो. म्हणून काटा हलला की तीन शक्यता असतात. तापमान खरेच बदलले असेल. सेन्सरभोवतीचे पाणी निघून जाऊन तिथे हवा आली असेल. किंवा पाणी जसेच्या तसे असून वायर, अर्थिंग, सेन्सर यांपैकी काहीतरी खोटे बोलत असेल. चांगला मिस्त्री सगळ्यात आधी या तीन वाटांपैकी आपण कोणत्या वाटेवर आहोत ते ठरवतो.

मोटारीला हा काटा सुरुवातीला नव्हताच. १९१०च्या दशकात अमेरिकेत बॉइस मोटोमीटर नावाचा थर्मामीटर रेडिएटरच्या ढक्कनावरच बसवत असत आणि चालक समोरच्या काचेतून त्याचा लाल द्रव पाहत असे. आता तो आतल्या पॅनलवर आला. पण आजच्या अनेक गाड्यांत काटा मुद्दामच शांत ठेवलेला असतो. पाणी साधारण पंचाहत्तर ते एकशेपाच अंश या पट्ट्यात कुठेही असले तरी तो मधोमधच दाखवतो, कारण किरकोळ हालचाल पाहून मालक घाबरतात. काही लहान गाड्यांत काटाच नाही. थंड असताना निळा दिवा, तापल्यावर लाल, एवढेच. म्हणून नव्या गाडीचा काटा खरोखर हलला, तर त्यामागचा फरक मोठा आहे असे धरून चालावे. जुन्या गाडीचा काटा मात्र चढाला थोडा चढतो, उताराला थोडा उतरतो. तेवढे त्याचे नित्याचे आहे.

पुंजण्यांचा जिल्हा, चोंदलेली जाळी

मिस्त्रींनी गुरुजींची गाडी चालू ठेवून एसी लावला. पंखा फिरला. मग इंजिन बंद करून त्यांनी समोरची जाळी सोडवली आणि टॉर्च मारला. गाडीत पुढे एसीचा कंडेन्सर असतो, त्याच्या मागे बोटभर अंतरावर रेडिएटर. पुढून कंडेन्सर बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होता. टॉर्च वरून, त्या दोघांच्या फटीत घातला तेव्हा दिसले: धानाचा कोंडा, तणसीचे तुकडे, मेलेले किडे आणि धूळ यांचा नमद्यासारखा घट्ट थर. खालचा जवळजवळ अर्धा रेडिएटर त्याखाली झाकलेला.

हा थर गोंदियाचाच आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानावर जगतो. दिवाळीच्या आगेमागे खरिपाचे धान कापले जाते, बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या राशी, म्हणजे पुंजणी, उभी राहतात, मळणीयंत्रे चालतात. जिथे तलावाचे, कालव्याचे पाणी पोहोचते तिथे मे महिन्यात उन्हाळी धानाची कापणी पुन्हा येते. रस्त्याच्या कडेला धान वाळत घातलेले असते, तणसीने लादलेल्या ट्रॉल्या पुढे चाललेल्या असतात, राइस मिलच्या आवारातून कोंड्याची बारीक भुकटी उडत असते. या हवेतून रोज ये-जा करणाऱ्या गाडीचा पंखा ती सगळी आत ओढतो. कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांतून बारीक कण पार होतात आणि मागच्या रेडिएटरवर अडकतात. म्हणून पुढून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही.

धुण्याचीही पद्धत असते. हेल्परने प्रेशरचा पाइप उचलला तसे मिस्त्री ओरडले. जोराच्या झोताने रेडिएटरचे पापुद्र्यासारखे पत्रे दुमडतात आणि हवा कायमची अडते. त्यांनी साधा नळाचा पाइप घेतला, रेडिएटरचे वरचे बोल्ट सैल करून तो थोडा मागे कलता केला आणि इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे हवा ज्या दिशेने येते तिच्या उलट, पाणी सोडले. आधी मातकट, मग पिवळट चोथा फरशीवर पडत राहिला. नितळ पाणी यायला बराच वेळ लागला, आणि तोवर त्यांनी घाई केली नाही.

आतल्या बाजूचा शत्रू वेगळा आहे. इथे पाणी कमी झाले की हातपंपाचे किंवा बोअरचे पाणी ओतण्याची सवय आहे. त्या पाण्यातले क्षार तापल्यावर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या आतल्या भिंतींवर बसतात. क्षाराचा थर उष्णता अडवतो. कुलंटचे काम केवळ थंड ठेवण्याचे नाही. त्यातले इथिलीन ग्लायकॉल पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते, निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावरही सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि त्यात मिसळलेली रसायने धातूला गंजू देत नाहीत. निव्वळ कुलंट भरणे मात्र चूक आहे, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचे कुलंट आणि क्षारमुक्त पाणी, एवढे पथ्य पुरते. रंग पाहून कुलंट मिसळू नये. हिरवे, लाल, गुलाबी हे रंग आहेत, रसायनाची हमी नव्हेत. आणि काढलेले कुलंट अंगणात ओतू नये. ते चवीला गोड आणि विषारी असते; कुत्री-मांजरे ते चाटतात, लहान मुलांच्याही हाती लागू शकते.

पातेल्यातला थर्मोस्टॅट

गुरुजींनी जुना थर्मोस्टॅट डिकीत जपून ठेवला होता. मिस्त्रींनी तो मागून घेतला, चहाच्या पातेल्यात पाणी घालून स्टोव्हवर ठेवले, थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून अधांतरी बुडवला आणि शेजारी थर्मामीटर सोडला. थर्मोस्टॅट भांड्याच्या तळाला टेकला तर तळाच्या उष्णतेने लवकर उघडतो आणि चाचणी फसते, म्हणून दोरा.

पितळी टोपीत मेण भरलेले असते. ठराविक तापमानाला मेण वितळून फुगते आणि स्प्रिंगच्या विरोधात झडप ढकलते. ही मेणाची युक्ती अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी १९३०च्या दशकात आणली. आजही बहुतेक गाड्यांत तीच चालते. कडेवर ८२ असा आकडा कोरलेला होता. थर्मामीटर ऐंशीवर आला, काही झाले नाही. ब्याऐंशी ओलांडले आणि झडपेच्या कडेला केसाएवढी फट पडली. नव्वदीनंतर ती सावकाश रुंदावत गेली आणि पाणी उकळायला लागण्याआधी पूर्ण उघडली. गोंदिया समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी नव्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. या चाचणीला तेवढे पुरते. मग मिस्त्रींनी तो बाहेर काढून वाऱ्यावर धरला. झडप परत घट्ट मिटली.

“हा तर साजरा हाये जी,” ते म्हणाले. चांगला थर्मोस्टॅट बदलला गेला होता.

आता नव्याकडे लक्ष गेले. थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक भोक असते आणि त्यात खुळखुळणारी छोटी पिन. पाणी भरताना आत अडकलेली हवा त्या भोकातून निघून जावी म्हणून. थर्मोस्टॅट उभा बसत असेल तर ही पिन वरच्या बाजूला हवी, कारण हवा वर जमते. झाकण उघडले तेव्हा नव्या थर्मोस्टॅटची पिन खाली होती. बसवणाऱ्याने पार्ट बदलला, पण दिशा पाहिली नाही. हवा आतच कोंडली आणि ती सेन्सरपाशी आली की काटा वेडावाकडा हलू लागला. गुरुजींच्या गाडीतला दुसरा दोष हा होता, आणि तो दुरुस्तीतून जन्मला होता.

पिन वर करून थर्मोस्टॅट बसवला, रेडिएटर भरला, गाडीचे तोंड किंचित चढाला करून ढक्कन उघडे ठेवूनच थंड इंजिन चालू केले, हीटर पूर्ण उघडला. बुडबुडे येत राहिले, पातळी खाली जात राहिली, तसतसे कुलंट ओतले. बुडबुडे थांबले तेव्हा ढक्कन लागले.

याच प्रसंगात विदर्भातल्या एका पसरलेल्या समजुतीबद्दल बोलायला हवे: आपल्याकडे एवढे ऊन, मग थर्मोस्टॅट कशाला हवा, काढून टाका. थर्मोस्टॅट काढलेली गाडी हिवाळ्यात किती वेळ धावली तरी नीट तापत नाही. इंजिनाचा कंप्युटर इंजिन थंडच आहे असे समजून जास्त इंधन सोडत राहतो, ॲव्हरेज पडतो, ऑइलमध्ये ओल आणि काजळी साठते. काही इंजिनांची रचना अशी असते की गरम झाल्यावर थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी इंजिनातल्या इंजिनात फिरणारी आडवाट बंद करतो. तिथे तो काढला तर बरेचसे पाणी रेडिएटरला न शिवताच परत फिरते आणि थंड राहावी म्हणून केलेल्या उपायाने गाडी आणखी तापते.

दिवे लावले की काटा हलतो

देवरीकडून भाजीपाला आणणाऱ्या एका जुन्या पिकअपची तक्रार वेगळी होती. रात्री काटा अचानक सरकतो, दिवसा ठीक. चालकाने रेडिएटर साफ करून घेतला होता, पंप बदलवायच्या विचारात होता.

मिस्त्रींनी त्याला इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावायला सांगितले. काटा त्याच क्षणी सरकला. बंद केले, परत आला. पुन्हा लावले, पुन्हा सरकला.

इथे थोडे गणित कामी येते. समजा कूलिंगमध्ये पाच लिटर पाणी आहे. ते दहा अंशांनी तापवायला सुमारे २१० किलोज्यूल ऊर्जा लागते. हे एका सेकंदात घडवायचे तर २१० किलोवॅट हवेत. लहान गाडीच्या इंजिनाची कमाल ताकद पन्नास-साठ किलोवॅटच्या आसपास असते. पाणी एका क्षणात दहा अंश चढूच शकत नाही आणि उतरूही शकत नाही. म्हणून खरा ताप सावकाश चालतो. काटा टपकन उडाला तर एक तर सेन्सरला वाफ-हवा लागली, नाहीतर विजेचा दोष. दिव्यांच्या बटणासोबत उडाला तर विजेचाच.

मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर, दिवे चालू. चांगल्या अर्थिंगला इथे व्होल्टचा दहावा-पाचवा हिस्सा इतपतच फरक दिसायला हवा. मीटर त्याच्या कितीतरी पुढे गेला. इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी काढली, तर बोल्टखाली हिरवट गंज आणि पट्टीच्या अर्ध्या तारा तुटलेल्या. अशा गाडीत सेन्सरला एकच वायर असते. परतीचा रस्ता इंजिनाच्या धातूतून, या पट्टीमार्फत बॅटरीकडे जातो. रस्ता खराब झाला की दिव्यांचा प्रवाह आणि सेन्सरचा इशारा एकमेकांत मिसळतात. पॉलिश पेपरने जागा घासली, नवी पट्टी बसवली, काटा स्थिर. पंप होता तिथेच राहिला. याच कारणाने एकवायरी सेन्सर बसवताना त्याच्या आट्यांवर टेफ्लॉनचा जाड थर गुंडाळू नये. धातूचा धातूशी संबंध तुटतो आणि काटा पुन्हा खोटे सांगू लागतो.

पेट्रोलचा काटाही सोबत हलतो का, हा मिस्त्रींचा प्रश्न याच जातीचा. टाकीतले पेट्रोल आणि इंजिनातले पाणी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन्ही काटे जोडीने डोलले तर पॅनलला मिळणारी वीज किंवा पॅनलचे अर्थिंग बिघडले आहे. बोनेट उघडायचीही गरज नाही.

फोनवरचा आकडा

नव्या गाड्यांसाठी मिस्त्रींच्या मुलाने एक लहान अडॅप्टर आणला आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो बसवला की ब्लूटूथवरून पाण्याचे तापमान फोनवर अंशांत दिसते. गाडी एका आकड्याच्या रूपाने ते पाठवते. त्यातून चाळीस वजा केले की तापमान मिळते, म्हणून उणे चाळीसपर्यंतची थंडीही त्यात बसते. पॅनलवरचा काटा शांत केलेला असतो, हा आकडा तसा नसतो. तो चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, पंखा लागला, पुन्हा नव्वद असा श्वास घेताना दिसतो, आणि पंखा कोणत्या अंशाला लागतो हेही कळते.

पण हा आकडाही सेन्सरकडूनच येतो. सेन्सर खोटा असेल तर फोनही खोटा. म्हणून मिस्त्री लेझरची तापमान बंदूक थर्मोस्टॅटच्या घरावर धरतात आणि दोन आकडे ताडून पाहतात. ॲल्युमिनियमच्या चकचकीत पृष्ठभागावर ही बंदूक कमी तापमान दाखवते, म्हणून त्यांनी तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवला आहे. दोन्ही आकडे जवळपास आले तर सेन्सरवर भरवसा ठेवायचा. वरचा पाइप चटका देणारा आणि खालचा गार असेल, तर पाणी रेडिएटरमधून फिरत नाही. हाताची परीक्षा अजून निवृत्त झालेली नाही.

ज्याला उशीर परवडत नाही

सगळेच दोष स्वस्तात सुटत नाहीत. नवेगावबांधच्या बाजूची एक काळी-पिवळी जीप आली, तिचा चालक रोज पाणी ओतून प्रवासी नेत होता. पाणी कुठे गळत नव्हते, तरी संपत होते. सकाळी थंड इंजिन चालू करताच काही क्षणांत वरचा पाइप दगडासारखा कडक झाला. पाणी अजून तापलेही नव्हते, मग दाब कुठून आला? सिलिंडरमधून. हेड गॅसकेट फुटले की जळालेला वायू पाण्यात शिरतो, बुडबुडे करतो, पाणी ढकलून देतो. सेन्सरला कधी पाणी, कधी वायू लागतो आणि काटा डोलतो.

खात्रीसाठी रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतात. आतून येणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा द्रव हिरवा-पिवळा होतो. इथे तो बघता बघता पिवळा झाला. सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा, या पुढच्या पायऱ्या. हेड उघडायचे, सपाट आहे का पाहायचे, वाकले असेल तर घासून आणायचे. सुरुवात बहुधा एखाद्या किरकोळ गळतीने झालेली असते. तापत्या गाडीला रोज पाणी पाजून पुढे ढकलल्याने ती इथवर येते.

म्हणून रस्त्यात काटा लालकडे निघाला तर काय करावे, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला ठाऊक हवे. एसी बंद करा, हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण लावा. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. सावली पाहून गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. ढक्कनाला हात लावू नका. आत शंभरच्या वरचे पाणी दाबाखाली आहे. ढक्कन फिरवताच ते वाफ होऊन तोंडावर येते आणि चेहरा, डोळे भाजतात. अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. नागझिऱ्याच्या, नवेगावच्या जंगलपट्ट्यात फोनला रेंज मिळेलच असे नाही. पाण्याचा कॅन गाडीत असू द्या आणि घाई घरी ठेवा.

न बदललेल्या पार्टची मजुरी

गुरुजींनी हिशेब विचारला. कुलंट, धुण्याची मजुरी आणि तपासणी, एवढेच. ‘तपासणी’ या शब्दावर ते थबकले नाहीत, पण मिस्त्री म्हणाले की बहुतेक जण थबकतात. “पार्ट बदलवला तर लोक बिनबोभाट पैसे देते. पाह्याचे पैसे मांगले तर म्हणते, पाह्याले काय लागते?”

या अंकासाठी मला जे सांगायचे आहे ते या वाक्यात आहे. पाहायला वर्षे लागतात. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, आणि त्यापुढचे शिक्षण गॅरेजच्या फरशीवर चालते: कोणता प्रश्न आधी विचारायचा, कोणता पाइप आधी दाबायचा, कोणता पार्ट न उघडता सोडून द्यायचा. आपण गिऱ्हाइकांनी या ज्ञानाची किंमत शून्य धरली, म्हणून मिस्त्रीला आपली मजुरी पार्टच्या बिलात लपवावी लागते. मग पार्ट बदलणे हेच निदान होऊन बसते. गुरुजींनी तीन निरोगी पार्टचे पैसे मोजले आणि वर एक नवा दोष विकत घेतला, तो या व्यवहारापायी. ज्याने तो थर्मोस्टॅट उलटा बसवला, त्यालाही नीट तपासायला कोणी वेळ दिला नसेल, पैसे तर नाहीच.

बदल दोन्हीकडून हवा. मालकाने गॅरेजला जाताना ‘काटा हलतो’ एवढेच न सांगता कधी, कुठे, एसी चालू की बंद, हळू की टपकन, पाणी किती घटते, हे टिपून न्यावे. चार ओळींची ही टिपणी तास-दीड तास वाचवते. बदललेला जुना पार्ट मागून घ्यावा आणि तो का बदलला ते विचारावे. मिस्त्रीने तपासणीचा दर आधीच सांगावा आणि काय मोजले ते गिऱ्हाइकाला दाखवावे: मीटरवरचा आकडा, पातेल्यातली झडप, टॉर्चखालचा कोंडा. डोळ्यांनी पाहिलेल्या पुराव्याचे पैसे द्यायला इथली माणसे कचरत नाहीत, हे मी त्या गॅरेजमध्ये पाहिले. खरीप आता घरी येतो आहे, रस्त्यांवर पुन्हा तणीस आणि कोंडा उडणार आहे. तेव्हा आपल्या मिस्त्रीला कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली फट तेवढी पाहायला सांगा. काही सापडले नाही, काहीच बदलावे लागले नाही, तरी त्याच्या पाहण्याची मजुरी पूर्ण द्या.